अठरा स्कॉर्पिआय: तिथे न जाता तारा कसा मोजला

अमळनेरच्या एका शिक्षिकेने मला विचारलेला प्रश्न असा. आठवीच्या वर्गात सूर्य शिकवताना त्यांनी मुलांना १८ स्कॉर्पिआय या ताऱ्याची माहिती सांगितली. या ताऱ्याला सूर्याचा जुळा म्हणतात. तो ४६ प्रकाशवर्षांवर आहे, त्याचे वस्तुमान सूर्याच्या १.०२ पट, पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५८२० केल्विन आणि वय तीन ते चार अब्ज वर्षे. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला आणि म्हणाला, "म्याडम, पन तठे कोन गयथा मोजाले?" वर्ग हसला. ताई हसल्या नाहीत. त्यांनी मला लिहिले, "सर, त्याचा प्रश्न बरोबर आहे. हे आकडे मोजलेले आहेत की अंदाजाने लिहिलेले? आणि जुळा म्हणजे नेमका किती जुळा?"

ताई, आधी त्या मुलाला माझी शाबासकी सांगा. मी तीस वर्षे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवले आणि त्याहून जास्त वर्षे ताऱ्यांचे वर्णपट घेत आलो, पण हा प्रश्न इतक्या स्वच्छ शब्दांत मला फार थोड्यांनी विचारला. उत्तर लांबणार आहे, कारण तुम्ही सांगितलेल्या आकड्यांची पत सारखी नाही. काही आकडे सरळ मोजलेले आहेत, काही दोन मोजमापे जोडून काढलेले आहेत आणि वयाचा आकडा अजूनही सैल आहे. पुस्तकात सगळे एका ओळीत छापतात, त्यामुळे सगळे सारखेच पक्के वाटतात. मुलांना शिकवताना हा फरक सांगितलाच पाहिजे असे मला मनापासून वाटते.

नावाचे थोडक्यात. इंग्लंडमधल्या जॉन फ्लॅमस्टीड यांच्या तारायादीवरून प्रत्येक तारकासमूहातल्या ताऱ्यांना पश्चिमेकडून पूर्वेकडे क्रमांक पडले. वृश्चिकातला अठरावा, म्हणून १८ स्कॉर्पिआय. तो साडेपाचव्या प्रतीचा आहे, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांच्या अगदी काठावरचा. जळगाव, धुळे किंवा अमळनेरच्या गावातून तो साध्या डोळ्यांना दिसणार नाही. सातपुड्यात, तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठी काळोख्या रात्री दिसतो, तेही जागा माहीत असेल तर.

आता अंतर. सगळ्या आकड्यांचा पाया हाच आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून जवळचा तारा वर्षभरात दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित इकडून तिकडे सरकलेला दिसतो. याला लंबन म्हणतात. शब्द आपल्याकडचाच आणि जुना आहे. ग्रहणाच्या गणितात चंद्राचे लंबन काढायची रीत भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीत आहे आणि तो ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. त्या मठाच्या दानाचा शके ११२८ चा शिलालेख पाटणादेवीच्या परिसरात सापडला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खानदेशात मुले लंबन शिकत होती. चंद्राचे लंबन जवळजवळ एक अंश भरते, ते डोळ्यांच्या आवाक्यातले आहे. ताऱ्याचे मात्र फारच बारीक.

किती बारीक? १८ स्कॉर्पिआयचे लंबन आहे ०.०७ विकला. एका अंशाच्या ३६०० भागांपैकी एक म्हणजे विकला, आणि तिचेही शंभरातले सातच भाग. मुलांना असे सांगा: अडीच सेंटिमीटर रुंदीचे एक नाणे भुसावळला उभे धरले आणि ते अमळनेरहून पाहिले, तर जेवढा कोन होईल तेवढा. सरळ रेषेत हे अंतर ७५ किलोमीटरच्या आसपास आहे, आणि हिशेब तंतोतंत जमतो. जमिनीवरून असा कोन मोजताना हवा थरथरते आणि सगळे बिघडवते. म्हणून युरोपने हिप्पार्कोस हा उपग्रह सोडला, त्याने १९८९ ते १९९३ या काळात लाखावर ताऱ्यांची लंबने मोजली. नंतर २०१३ मध्ये गाया गेला, तो त्याहून कितीतरी सूक्ष्म. हिप्पार्कोसच्या मापाने हा तारा ४५ प्रकाशवर्षांच्या थोडा पुढे येत होता, गायाच्या मापाने ४६ च्या किंचित पुढे आला. दोन टक्क्यांचा हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो आपल्याला आडवा येणार आहे.

अंतर हाती आले की तेज सहज निघते. तारा इथून किती उजळ दिसतो हे मोजायचे, अंतराच्या वर्गाने गुणायचे. सूर्याच्या तुलनेत या ताऱ्याचे तेज पाच-सहा टक्क्यांनी जास्त येते. आपला सूर्य तेवढ्याच अंतरावर नेऊन ठेवला तर तोही ५.६ प्रतीचा, असाच मिणमिणता दिसला असता. जो सूर्य मे महिन्यात आपल्या डोक्यावर पंचेचाळीस अंशांची आग ओततो, तो ४६ प्रकाशवर्षांवरून असा दिसतो हे वर्गात सांगून थोडा वेळ गप्प बसा. मुले आपणहून बोलू लागतात, हा माझा अनुभव आहे.

तापमानाला जरा जास्त वेळ देतो, कारण ते काम मी स्वतःच्या हातांनी केले आहे.

तापलेल्या लोखंडाचा रंग लोहाराला त्याचे तापमान सांगतो. ताऱ्यांनाही हा नियम लागू आहे. निळसर तारा जास्त तापलेला, तांबूस तारा कमी. पण खानदेशातून रंगावर भरवसा ठेवला की माणूस फसतो. सुरुवातीच्या वर्षांत मी या ताऱ्याचा रंग निळ्या आणि हिरव्या काचेतून मोजून तापमान काढले होते. तारा अजून वर चढलेला नव्हता, दिवसभराच्या वाऱ्याने उठलेली धूळ क्षितिजावर बसली होती. धूळ निळा प्रकाश जास्त अडवते. माझे उत्तर चारशे अंशांनी कमी आले. दोन दिवस मी यंत्रातच दोष शोधत होतो. दोष हवेतल्या धुळीचा होता, आणि ती धूळ हिशेबात न घेण्याची चूक माझी होती.

वर्णपटाला धुळीची एवढी बाधा होत नाही. प्रकाश लोलकातून किंवा बारीक रेघांच्या जाळीतून पसरला की रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेषा दिसतात. ताऱ्याच्या बाहेरच्या थरातले अणू ठरावीक रंगच गिळतात, त्यांच्या त्या खुणा. कोणत्या रेषा गडद आणि कोणत्या फिक्या, हे मुख्यतः तापमानावर ठरते. त्याचे गणित १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी कलकत्त्यात मांडले. तापमान वाढले की अणू इलेक्ट्रॉन गमावतात आणि त्यांच्या रेषा बदलतात. किती अणूंनी किती इलेक्ट्रॉन गमावले हे साहांचे समीकरण सांगते. त्याच्या आधारावर सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये दाखवून दिले की तारे बहुतांशी हायड्रोजनचे आहेत, जरी सूर्यासारख्या ताऱ्यात हायड्रोजनच्या रेषांपेक्षा कॅल्शियमच्या रेषा ठळक दिसत असल्या तरी. साहांचे हे काम मी दरवर्षी शिकवत असे आणि दरवर्षी त्याच ओळीवर माझा आवाज चढत असे. दूरच्या ताऱ्याचे तापमान वाचण्याची किल्ली आपल्या माणसाने शोधली आहे, हे आठवीच्या मुलाला माहीत असलेच पाहिजे.

तोरणमाळची एक रात्र सांगतो. मे महिना, शुद्ध पंचमी. पश्चिमेला चंद्रकोर उतरत होती. आठ इंची दुर्बिणीला जाळीचा वर्णपटमापक लावलेला, सोबत बी.एस्सी.ची पाच मुले. आधी दुर्बीण चंद्रावर धरली. तिथून वर्णपट मिळाला तो खरे तर सूर्याचा, कारण चंद्राचा उजेड म्हणजे परतलेले ऊनच. मोठ्या वेधशाळांतही हीच रीत आहे, फक्त ते लोक बहुधा वेस्टासारखा लघुग्रह घेतात. तो ताऱ्यासारखा टिंब दिसतो, त्यामुळे दोन्हींचा प्रकाश यंत्रात सारख्याच वाटेने जातो. चंद्र मावळल्यावर दुर्बीण १८ स्कॉर्पिआयवर वळवली आणि पाच-पाच मिनिटांचे बारा फोटो घेतले. रात्री दीडच्या सुमारास लॅपटॉपवर दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. हायड्रोजनची तांबडी रेषा, सोडियमची पिवळी जोडी, मॅग्नेशियमचा हिरवा खड्डा, निळ्याकडे कार्बन-हायड्रोजनच्या रेणूचा रुंद पट्टा. एकही खूण जागची हलली नाही, खोलीतही फरक दिसेना. नंदुरबारची एक मुलगी पडद्याकडे बघत राहिली आणि तिने हळूच विचारले, "सर, यातला आपला कोणता?" मलाही रंग बघून सांगावे लागले की लाल रेघ आपली आणि काळी त्याची.

माझ्या छोट्या यंत्राला फरक दिसला नाही, याचा अर्थ फरक नाहीच असा नव्हे. मोठ्या दुर्बिणींच्या बारीक वर्णपटात तो दिसतो. त्या मापांनी ताऱ्याचे तापमान सुमारे ५८२० केल्विन येते. सूर्याचे ५७७२. म्हणजे पन्नासेक अंशांनी तो जास्त गरम. सूर्याशी थेट तुलना करून काढलेले असल्यामुळे हा आकडा फार पक्का आहे. दोन्ही वर्णपट एकाच यंत्रातून घेतले की यंत्राचे आणि गणिताचे बरेचसे दोष दोन्हीकडे सारखेच येतात आणि वजाबाकीत उडून जातात. सराफ नव्या दागिन्याचा कस खात्रीच्या सोन्याच्या रेघेशेजारी रेघ ओढून पाहतो, तसे.

कसाचा विषय निघालाच आहे तर धातूंचे सांगून टाकतो. याच रेषांवरून कळते की या ताऱ्यात लोहाचे प्रमाण सूर्यापेक्षा बारा-तेरा टक्क्यांनी जास्त आहे. ऐकायला मोठे वाटते, पण ताऱ्यांच्या दुनियेत हे जवळजवळ बरोबरीचेच. असेही तारे आहेत ज्यांच्यात लोह सूर्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकेही नाही.

आता आकार. इथे त्या मुलाचा प्रश्न खरा टोकदार होतो, कारण कुठल्याही साध्या दुर्बिणीतून हा तारा टिंबच दिसतो. टिंबाची रुंदी मोजायची कशी? एक सोपा हिशेब करा. सूर्याचा व्यास हा पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १०७ व्या भागाइतका आहे. लंबनाचा कोन म्हणजे त्या ताऱ्यावरून पृथ्वी-सूर्य अंतर केवढे दिसेल तो कोन. मग सूर्याएवढ्या ताऱ्याची तबकडी लंबनाच्या शंभराव्या भागाहून थोडी लहान दिसणार. आपले भुसावळचे नाणे आता साडेसात हजार किलोमीटरवर नेऊन ठेवावे लागेल!

एका दुर्बिणीचे हे काम नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर चारा नावाची दुर्बिणींची मांडणी आहे: एक-एक मीटरच्या सहा दुर्बिणी डोंगरावर पसरलेल्या, सर्वांत लांबची जोडी ३३० मीटरच्या आसपास. दोन दुर्बिणींत आलेला एकाच ताऱ्याचा प्रकाश एकत्र आणला की लाटेवर लाट पडून प्रकाश-काळोखाचे पट्टे उमटतात. तारा जर शुद्ध टिंब असेल तर पट्टे ठळक राहतात. त्याला थोडीही रुंदी असेल तर दुर्बिणी दूर-दूर नेताना पट्टे पुसट होत जातात. किती अंतरावर किती पुसट झाले, यावरून रुंदी निघते. १८ स्कॉर्पिआयची तबकडी अशी मोजली ती ०.०००६७६ विकला, आणि २०११ मध्ये तिच्यावरून त्रिज्या प्रसिद्ध झाली: सूर्याच्या १.०१ पट, एक टक्क्याच्या आसपासच्या अनिश्चिततेसह.

आता तो दोन टक्क्यांचा फरक आठवा. कोन पक्का मोजला आहे, पण त्रिज्या किलोमीटरमध्ये काढायची तर कोनाला अंतराने गुणावे लागते. २०११ चा हिशेब हिप्पार्कोसच्या अंतरावर केलेला होता. गायाचे अंतर घेतले तर तोच कोन ठेवून त्रिज्या १.०१ ऐवजी १.०२ ते १.०३ च्या दरम्यान जाते. तारा फुगला नाही, कुणाची चूकही झाली नाही. पायाचा दगड सरकला की वरची भिंत सरकते. त्यामुळे पुस्तकात एखाद्या ताऱ्याची त्रिज्या वाचताना मी आधी बघतो की अंतर कोणते धरले आहे.

वस्तुमानाचे काम सर्वांत अवघड. तारा तराजूत घालता येत नाही. जोडतारा असेल तर सोपे असते. आपल्या दक्षिणेला उन्हाळ्यात दिसणारा मित्र (अल्फा सेंटॉरी) हा तारा घ्या, त्याचे दोन मोठे घटक एकमेकांभोवती ८० वर्षांत एक फेरी मारतात. फेरीचा काळ आणि कक्षेचा आकार कळला की वस्तुमान निघते. त्यातला मोठा, सूर्यासारखाच घटक सूर्याच्या सुमारे १.१ पट भरतो. पण १८ स्कॉर्पिआय एकटा आहे. त्याला ओढणारे कोणी शेजारी नाही.

मग काय केले? बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो. तडा गेलेला माठ बद्द वाजतो, भाजलेला खणखणीत. तारेही आतून वाजत असतात. सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच-पाच मिनिटांच्या लयीत वरखाली होतो, हे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लक्षात आले. ताऱ्याच्या आत उसळणारा वायू ही टिचकी सतत मारत असतो आणि तारा आपल्या अनेक सुरांत घुमतो. दोन शेजारच्या सुरांमधले अंतर ताऱ्याच्या सरासरी घनतेवर ठरते. चिलीतल्या ला सिया वेधशाळेत हार्प्स नावाचा अत्यंत स्थिर वर्णपटमापक आहे. त्याने बारा रात्री या ताऱ्याच्या रेषांचे थरथरणे नोंदवले, सेकंदाला काही सेंटिमीटर इतक्या मंद हालचालीचे. माणूस रांगतो त्याहूनही ही हालचाल संथ, आणि ती ४६ प्रकाशवर्षांवरून पकडलेली. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा कागद बाजूला ठेवून बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो होतो.

सुरांतले अंतर सूर्याच्या किंचित खाली निघाले, म्हणजे घनता सूर्यापेक्षा एखादा टक्का कमी. आता घनता आणि त्रिज्या दोन्ही हातात आहेत. वस्तुमान म्हणजे घनता गुणिले आकारमान. त्रिज्या १.०१ पट, तिचा घन १.०३ पट, त्यातून घनतेचा एक टक्का वजा. उत्तर १.०२. मुलांना फळ्यावर करून दाखवा, आठवीच्या मुलाला जमणारे गणित आहे. त्याच वेळी हेही दाखवा की त्रिज्येत एक टक्का चूक असेल तर घन करताना ती तीन टक्के होते. म्हणून प्रामाणिकपणे लिहायचे तर वस्तुमान १.०२, तीन टक्के इकडे किंवा तिकडे. तारा सूर्यापेक्षा जड आहे असे त्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. बरोबरीचा आहे, एवढे मात्र नक्की.

आता वय. ताई, इथे हात जरा आखडता घ्या.

केळीच्या बागायतदाराला विचारा. घड कधी निसवला हे त्याला माहीत असते, कारण तो रोज बागेत जातो. व्यापाऱ्यापुढे मात्र कापलेला घड येतो. तो फळाच्या कडा किती गोल झाल्या हे बघून किती भरला ते सांगतो, आणि त्याचा अंदाज चांगला असतो, पण तारीख त्याला सांगता येत नाही. सूर्याच्या बाबतीत आपण बागायतदार आहोत. सूर्याबरोबरच घडलेल्या उल्कापाषाणांतली किरणोत्सारी मूलद्रव्ये मोजून सूर्यमालेचे वय ४.५७ अब्ज वर्षे हे अगदी घट्ट ठरले आहे. १८ स्कॉर्पिआयचा एकही दगड आपल्या हातात नाही. तिथे आपण व्यापारी.

खुणा अशा आहेत. वय वाढते तसा सूर्यासारखा तारा हळूहळू तेजाळतो आणि थोडा फुगतो, पण हा बदल एका अब्ज वर्षांत काही टक्क्यांचाच असतो. मग त्याची गिरकी. तारा तरुणपणी भरभर फिरतो, त्याचा वारा, म्हणजे त्याच्यातून सतत बाहेर वाहणारे कण, चुंबकीय क्षेत्रासह दूर जाताना ती फिरकी ओढून नेतो आणि तारा मंदावतो. १८ स्कॉर्पिआय २२.७ दिवसांत एकदा फिरतो, सूर्य पंचवीसेक दिवसांत. म्हणजे तो सूर्यापेक्षा थोडा तरुण असावा. त्याच्या डागांचे चक्रही सूर्याच्या ११ वर्षांऐवजी सुमारे ७ वर्षांचे आहे. या साऱ्या खुणा एकत्र करून वेगवेगळ्या गटांनी २.९ ते ४ अब्ज वर्षांच्या दरम्यान उत्तरे काढली आहेत. पुस्तकात एकच नेमका आकडा दिसला तर मुलांना सांगा की याच्या दोन्ही बाजूंना अर्धा-एक अब्ज वर्षे मोकळी सोडा.

शेवटची खूण मला सर्वांत प्रिय आहे, ती लिथियमची. लिथियम फार नाजूक मूलद्रव्य. पंचवीस लाख अंशांना ते जळून जाते. सूर्याच्या बाहेरचा वायू ढवळत-ढवळत जितका खाली जातो, तिथले तापमान याच्या अगदी जवळ पोचते, पण पुरते पोचत नाही. नुसत्या ढवळण्याचा हिशेब केला तर सूर्यात लिथियम बऱ्यापैकी टिकायला हवे होते. प्रत्यक्षात उल्कापाषाणांत जेवढे लिथियम आहे त्याच्या सुमारे १६० व्या हिश्श्याइतकेच सूर्याच्या पृष्ठभागावर उरले आहे. ते कुठे गेले हा प्रश्न कित्येक दशके रेंगाळला. सूर्य जन्मतःच वेगळा आहे की काय, त्याच्या ग्रहांनी काही केले की काय, अशा कल्पना निघाल्या. एकट्या सूर्याकडे बघून त्याचे उत्तर मिळणे शक्य नव्हते. एका रोग्यावरून रोगाचा क्रम कसा कळणार?

जुळे तारे इथे कामाला येतात. जुळा हा शब्द नेटकेपणाने वापरायला फ्रेंच शास्त्रज्ञ ज्युझा कैरेल द स्त्रोबेल यांनी शिकवले: सूर्यासारखे नव्हे, मोजमापाच्या मर्यादेत सूर्यच वाटेल असा तारा. १९९७ मध्ये ब्राझीलच्या पोर्तो द मेलो आणि दा सिल्वा यांनी १८ स्कॉर्पिआयला त्या कसोटीवर सर्वांत जवळचा तारा म्हणून पुढे आणले. आणि याच ताऱ्यात लिथियम सूर्याच्या तीन-चार पट सापडले. तापमान, धातू, वस्तुमान सगळे जवळजवळ तेच, पण लिथियम जास्त. आधी लोकांनी याला जुळेपणातली खोट मानले. नंतर निरनिराळ्या वयांचे असे जुळे एका रांगेत ठेवले तेव्हा दिसले की तरुण ताऱ्यांत लिथियम जास्त, म्हाताऱ्यांत कमी, आणि सूर्य त्याच उतरणीवर आपल्या वयाच्या जागी बसतो. म्हणजे तारा ते अब्जावधी वर्षे थोडे-थोडे खाली झिरपवत जाळत राहतो. १८ स्कॉर्पिआय आपल्यापेक्षा तरुण आहे, त्याचे अजून जळायचे आहे.

तर ताई, जुळा म्हणजे किती, याचे माझे उत्तर: शरीराने जुळा, जन्मतारखेने धाकटा. तो धाकटा आहे म्हणूनच उपयोगी आहे. एक-दीड अब्ज वर्षांपूर्वी आपला सूर्य कसा फिरत असेल, त्याच्यावर डाग किती वेगाने येत-जात असतील, हे बघायला अशा धाकट्या जुळ्यांखेरीज दुसरी खिडकी नाही.

आता तुम्ही मुलांना तो दाखवणार असाल तर. वृश्चिकाची नांगी आणि ज्येष्ठा सगळे बघतात, पण हा तारा तिथे नाही. तो समूहाच्या उत्तर टोकाला, भुजंगधारी या शेजारच्या तारकासमूहाच्या सीमेवर आहे. भुजंगधारीच्या हातात येद प्रायर आणि येद पोस्टीरिअर हे दोन तारे जवळजवळ दिसतात, एक तांबूस, दुसरा पिवळसर. त्यांच्या खाली दक्षिणेला सुमारे चार अंशांवर, हात लांब करून धरलेल्या तीन बोटांपेक्षा थोडे कमी, तो आहे. दहा बाय पन्नासच्या बायनॉक्युलरमध्ये तिन्ही एकाच वर्तुळात बसतात. तांबूस येद प्रायर १७० प्रकाशवर्षांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या ताऱ्याच्या जवळजवळ चौपट दूर, तरी तो तेरापट उजळ दिसतो. राक्षसी तारा आहे तो. आणि १८ स्कॉर्पिआय पिवळा दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, तो पांढराच दिसतो. सूर्यही हवेच्या बाहेरून पांढराच आहे.

मेच्या मध्यात तो रात्री एकच्या सुमारास दक्षिणेकडे सर्वांत उंच, साठ अंशांवर येतो, महिनाअखेरीस बाराच्या सुमारास. अकरानंतर बघितला तर धुळीच्या वर आलेला असतो. जूनमध्ये ढग आले की वाट बघावी लागते, म्हणून अमावस्येच्या आसपासचा मेचा आठवडा धरा. गच्चीवर अंथरुणे टाकलेलीच असतात, मुलांना जागवायला फारसे कष्ट पडणार नाहीत. बायनॉक्युलर आधी त्या मागच्या बाकावरच्या मुलाच्या हातात द्या. त्याला सांगा की जो उजेड तो बघतो आहे तो ४६ वर्षांपूर्वी निघाला. आणि तिथे कोणी उभे राहून याच क्षणी आपल्या दिशेने बघत असेल, तर त्यालाही रोहिणीजवळ असाच एक बारीक पांढरा तारा दिसत असेल.